भाऊ वाचायचे ती वही

भोईर भाऊ गेल्याची बातमी मला शाळेत, नववीच्या वर्गाच्या दारात मिळाली. शिपाई म्हणाला, "बाई, कोनगावचे भोईर... दापोड्याला ट्रकखाली आले." हातातला खडू हातातच राहिला. आज सहा आठवडे झाले, तरी ते वाक्य मला खरं वाटत नाही. गोदामाच्या आवारात ट्रक मागे येत होता, हॉर्न वाजत होता, हमाल ओरडत होते आणि भाऊ पाठमोरे, शांत उभे होते. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तो ड्रायव्हर रडत एकच सांगत होता, "बाईजी, कितना हॉर्न दिया मैंने... कितना!" मला त्याचा संताप आला. धडधडीत खोटं बोलतोय, असंच वाटलं. तेवढ्यात शेजारी बसलेल्या वहिनी, भाऊंच्या पत्नी, मान वर न करता म्हणाल्या, "त्याची चूक न्हाय. यांना आयकू येत नव्हता. पाच वर्सं झाली."

अकरा वर्षं मी या माणसाबरोबर काम केलं आणि मला हे ठाऊक नव्हतं. मंडळात कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि आमचं काम कसलं, तर लोकांचे कान वाचवण्याचं!

भाऊ तरुणपणी यंत्रमागावर होते, पुढे जॉबर झाले, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. लूमच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेला कामगार गावी जातो, तेव्हा घरातल्या माणसांची हाक त्याला ऐकू येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी चार मित्रांना घेऊन त्यांनी मंडळ काढलं. "बाई, अख्ख्या भिवंडीत कापूस उडतो, पन कानात घालाला कोनाला सुचत न्हाय," असं म्हणत खिशातून कापसाचे बोळे काढायचे. त्यांचे बोळे, कल्याणच्या डॉक्टरांकडून कान तपासण्याची शिबिरं आणि माझं वळणदार अक्षर, एवढंच आमचं भांडवल. मला मंडळात घेतलं तेच मुळी अक्षरासाठी, इतिवृत्त लिहायला.

देणगीदारांशी वागण्याची भाऊंची रीत मात्र जगावेगळी होती. एकदा एक कारखानदार शेठ स्वतः चेक घेऊन आले. आम्ही हरखलो. भाऊंनी चेकला हातच लावला नाही. म्हणाले, "शेठ, आधी तुमच्याच कारखान्यात माझ्यासंगती एक तास उभं ऱ्हा. मंग बघू." मी मनात म्हटलं, आली लक्ष्मी घालवली या माणसाने! पण शेठ हट्टाला पेटले आणि राहिले उभे. तासाभराने बाहेर आले, तेव्हा त्यांचा मुनीम काहीतरी विचारत होता आणि शेठ नुसते "क्या? क्या बोला?" करत होते. कामगार पाळीपाळीने त्याच लूमच्या शेजारी झोपतात, हेही त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. महिन्याभरात त्यांनी झोपायची खोली मागच्या अंगाला, भिंतीपलीकडे हलवली आणि पुढच्या खेपेला धाकट्या भावाला कान धरून आणल्यासारखं घेऊन आले. असा तास करून गेलेला माणूस सहसा मंडळ सोडत नसे. उलट तोच दुसऱ्याला आणी. आणि प्रत्येकासोबत भाऊ पुन्हा पूर्ण तासभर उभे राहत...

आता एकेक आठवतं आणि अंगावर काटा येतो. सभेत सगळ्यांनी खिडकीकडे तोंड करून, एकेकाने बोलायचं, हा त्यांचा दंडक होता. मी त्याला शिस्त समजले; खिडकीशी बसून ते आमचे ओठ वाचत होते. शिबिरात मी चेष्टेने म्हणायची, "भाऊ, तुमचेही कान दाखवा की!" आणि ते हसायचे. ते सगळ्यालाच हसायचे! आणि सभा संपली की माझी वही. "लिवलंस? दाखव." ओळ न् ओळ वाचायचे, मगच उठायचे. वर्षानुवर्षं मला वाटत आलं, यांचा माझ्यावर विश्वास नाही.

तेच शेवटच्या सभेला माझ्या तोंडून निघालं. सर्वांदेखत, वही त्यांच्यापुढे आपटून मी म्हणाले, "विश्वास नसेल तर दुसरी बाई बघा!" भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, वही वाचली, सही केली, मिटून माझ्या हातात दिली आणि निघाले. मला लगेच लाज वाटली. जिन्यापर्यंत मागे धावले. "भाऊ, चुकलं माझं!" भाऊ वळले नाहीत. मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने. ते पायऱ्या उतरत राहिले. मग माझाही पारा चढला. एवढी माफी मागते आहे तरी यांचा ताठा जात नाही, म्हणून मी घरी आले आणि चार दिवस फणकाऱ्यातच काढले. पाचव्या दिवशी शिपाई वर्गाच्या दारात आला.

तेराव्याला वहिनींना विचारलं, का लपवलं? त्या म्हणाल्या, "मी लय सांगला. पन म्हनायचे, मालकांना कळला तर बोलतील, कापूस वाटनाराच बहिरा झाला. मंग कोन उभा ऱ्हायल तासभर?" कापसाची अक्कल त्यांना स्वतःसाठी उशिरा आली होती. कान तरुणपणीच जायला लागले होते, एवढंच. पण हे समजावून सांगण्याची वेळ येऊ नये, म्हणून ते गप्प राहिले. मला त्यांचा अभिमान वाटत नाही, रागच येतो. आम्हाला सांगायचं होतं, भाऊ. आम्ही काय पळून गेलो असतो?

परवा त्यांच्याशिवायची पहिली सभा झाली. शेठ आणि त्यांचे बंधू आले होते. यापुढे नव्या माणसाबरोबर तासभर उभं राहण्याचं काम दोघांनी वाटून घेतलं, कानात कापूस घालून. मी सगळं लिहून घेतलं आणि सवयीने वही खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे फिरवली.

घरी येऊन मागच्या सभेचं पान उघडलं. खाली भाऊंची सही आहे, नेहमीसारखी वाकडी. मी लिहिलेलं एकही अक्षर या माणसाने कधी न वाचता सोडलं नव्हतं. त्या दिवशी जिन्यात मी दोनदा हाक मारली, त्यांच्या पाठीला. वही माझ्या हातातच होती. पेनही होतं.