पंख्याची काळी वायर

टाकव्याच्या राजेंद्रला सुटलेलं काही बघवत नाही. पंचवीस वर्षं कारखान्यात त्याचं काम एकच, प्रत्येक जोड हलवून बघायचा आणि पक्का असला की हिरव्या पेनाने ठिपका द्यायचा. ही खोड घरापर्यंत आली. स्वयंपाकघरात गॅसच्या नळीवरसुद्धा ठिपका आहे, आता बोला.

अशा माणसाने जुनी गाडी घ्यावी? पण घेतली, वलवणच्या हनुमंतची, घाटात टॅक्सी म्हणून राबलेली. घेतली ती आईसाठी. हिराबाईंनी वीस वर्षं तुंगार्लीच्या एका बंगल्यावर भांडी घासली, जोडीला अंबूबाई. दोघी एका डब्यात जेवायच्या. आता तुंगार्लीतच राहणाऱ्या अंबूबाईला उठवत नव्हतं, आणि रविवारी अकराला तिचा मुलगा दत्तोबा तिला कायमचा साताऱ्याकडे नेणार होता. "एकदा तिच्या हाताला हात लावू दे मला," हिराबाई म्हणाल्या होत्या.

रविवारी सकाळी राजेंद्रने नुसतं ऑइल बघायला बॉनेट उघडलं आणि तिथेच अडकला. रेडिएटरच्या पंख्याचा मूळ प्लग बाजूला लोंबकळत होता. पंख्याला भलतीच एक काळी वायर जोडलेली, ती आत डॅशबोर्डखाली गेलेली. त्याचे हात शिवशिवायला लागले. हनुमंतला विचारावं असं मनात आलं, पण जोड तपासण्यात आयुष्य गेलेल्याने टॅक्सीवाल्याला काय विचारायचं? त्याने काळी वायर उपटून बाजूला खोचली, प्लग खट्टकन बसवला आणि वर ठिपका दिला. तेव्हा कुठे त्याला चैन पडलं.

हिराबाई मागे बसल्या, मांडीवर भाकरी आणि सुक्या बोंबलाच्या चटणीचा डबा. तुंगार्लीचा चढ लागला तसा इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकला. ऐन अरुंद वळणावर बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी थांबली. साडेदहा वाजले होते.

त्याने हनुमंतला फोन लावला.

"पंखा फिरतोय का?" हनुमंतने विचारलं.

"नाही."

"काळी वायर हाय ना जाग्याव?"

राजेंद्रने ती उपटून प्लग बसवल्याचं सांगितलं.

"आवो साहेब, त्या प्लगाचा, पंखा आपोआप लावणारा सेन्सर कवाच मेलाय. घाटात सेन्सरच्या भरवशावर कोण चढतं? आमी पंखा थेट जोडतो, बटण स्टेअरिंगखाली. आता अर्धा तास थंड होऊ द्या, मग वायर लावा."

अर्धा तास. राजेंद्रला स्वतःच्या शहाणपणाची लाज वाटली. तो बॉनेटपाशी जाई, घड्याळ बघे, परत येई. हिराबाई डबा घेऊन उतरल्या. "मी जाते चालत. लय येळा चढलेय हा रस्ता." दहा पावलं गेल्या आणि गुडघा धरून कठड्यावर बसल्या. त्याला तिकडे बघवेना.

अकराला वरून जीप आली. पुढे राजेंद्रची गाडी आडवी, वाटच नाही. हिराबाई उठल्या, जीपच्या मागच्या सीटवर उशीला टेकलेलं तोंड त्यांनी काचेतून ओळखलं.

"अंबू."

"हिरे? हितं काय करतीस गं?"

हिराबाई दार उघडून आत शिरल्या. अंबूबाईचा हात त्यांनी मांडीवर घेतला आणि डब्याचं झाकण काढलं.

दत्तोबा उतरून राजेंद्रजवळ आला. "दादा, लांबचा पल्ला हाय. किती येळ लागंल?"

इंजिन थंड झालं होतं. वायर लावायची, बटण दाबायचं, दोन मिनिटांचं काम. राजेंद्रने जीपकडे पाहिलं. आत दोघी एकमेकींना घास भरवत होत्या.

"एक वायर सापडत नाहीये," तो म्हणाला, आणि वायरीचं टोक मुठीत धरून बराच वेळ बॉनेटमध्ये वाकून राहिला.