गोठ्याचा पंचनामा

पौषातला मंगळवार. हजर: भूसंपादन कार्यालयाची तीन माणसं, तलाठी, शेतमालक नाना आणि बांधशेजारी म्हणून मी. जमिनीची किंमत पुढे ठरायची होती. गोठ्यापुढे मात्र त्याच दिवशी शून्य पडलं.

आपल्याकडे शेतावर कुणी आलं की भरीत ठरलेलं. नानांनी दोन्ही म्हशी पुतण्याकडे पाठवल्या, कडबा हलवला, गव्हाण धुतली, गोठा सारवून सतरंज्या अंथरल्या. मंडळी भरीत-पुरी पोटभर जेवली. एकाने डबाही भरून घेतला. मग तिथेच बसून लिहिलं: रिकामी शेड, वापरात नाही. पाहुण्यांसमोर कागद वाचत बसणं नानांना बरं दिसेना. त्यांनी सही केली.

नक्कल मीच वाचून दाखवली. नानांनी कागद माझ्या हातातून घेऊन उलटसुलट पाहिला.

"पाव्हणास्करता मी गोठा झाडा, भाऊ. हाई मनी चूक?"

त्यानंतर नानांनी जळगावच्या कोर्टासमोरून भूसंपादन कायद्याचं मराठी पुस्तक आणलं. उठता-बसता एकच, "कायदामा लिखेल शे." चहाच्या टपरीवर कुणी टोमणा मारायचा, "नाना, कलम पाहूनच प्या." नाना शांतपणे म्हणायचे, "कलम देखं. चहाना पैसा तू देशी."

मोबदल्याचा रुपया आलेला नसताना एका सकाळी ठेकेदाराचं मशीन बांधावर येऊन उभं राहिलं. नानांनी गोठ्याच्या दारात खाट टाकली. सरकारी काम आहे, उठा, असं मुकादम सांगत होता.

"बठ्ठा पैसा पहिले, ताबा मंग. तुमना साहेबले इचारा."

साहेबांना फोन झाला. सगळा मोबदला दिल्याशिवाय ताबा घेता येत नाही, हे त्यांनाही मान्य करावं लागलं. दुपारी मशीन परत गेलं. मला अजून संताप येतो. ज्यांनी कायदा पाळायचा, त्यांना तो सत्तरीतल्या माणसाने खाटेवर बसून सांगायचा?

गोठ्यासाठी मी हरकत अर्ज लिहिला. सोबत नानांच्या नावच्या सहा वर्षांच्या दूध डेअरीच्या पावत्या लावल्या. म्हशी नसत्या तर दूध कुठलं? एवढं कळायला कार्यालयाला तीन तारखा लागल्या. दोनदा साहेब जागेवर नव्हते. तिसऱ्या तारखेच्या आधीच नाना हृदयविकाराने गेले. मी एकटा गेलो, पुस्तक घेऊन. त्यात ताब्याच्या कलमापाशी एसटीच्या तिकिटाएवढी कडब्याची पात खूण म्हणून ठेवलेली होती.

पंचनामा दुरुस्त झाला. चुकीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. वारसाचा दाखला तेवढा मागितला. नानांना मूलबाळ नव्हतं. गोठ्याचे एक लाख चौऱ्याऐंशी हजार रुपये अक्कांच्या, नानांच्या पत्नीच्या खात्यात जमा झाले.