पुढचं चाक

तुडीलला आमच्या शेजारी एक ट्रकवाला राहतो. साधं बोलणं त्याला ठाऊकच नाही. ट्रकवर, कोंबड्यांवर आणि माझ्यावर तो एकाच पट्टीत ओरडतो. परवा त्याने मला अंगणात टेपचं एक टोक धरायला बसवलं. ट्रक डावीकडे ओढत होता, म्हणून पुढच्या दोन चाकांमधलं अंतर तो आधी समोरून, मग मागून मोजत होता.

"हात हलवू नको रे! झोपलास काय?"

मी मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो.

चाकं जोडणारा दांडा फिरवून त्याने माप जुळवलं. मग जॅक लावून चाक हलवलं, तर ते खटखट वाजलं. दांड्याचा सांधाच झिजला होता. तेवढ्यात त्याचा थोरला भाऊ आला. ट्रक दोघांचा. भावाला शिवथरला वऱ्हाड न्यायचं होतं.

"गाडी नाय जायची, दादा. वळणावर सांधा सुटून चाक भलतीकडं फिरलं तर?"

"तुझ्या एकट्याची हाय काय गाडी? चावी दे!"

शेजाऱ्याने चावी त्याच्या अंगावर फेकली. मग पाना घेऊन नट खोलले, चाक काढलं, ढकलत पडवीपाशी नेलं आणि आडवं पाडून त्यावर बसला.

"आता ने!"

भाऊ तोंडाला येईल ते बोलून निघून गेला. शेजारी चाकावरच बसून राहिला. बायकोने जेवायला हाक मारली तरी उठेना, तेव्हा तिने ताट तिथेच आणून ठेवलं.

"त्याचीच पोरगी बसणार होती मागं," तो माझ्यावर ओरडला. "त्याचीच!"