भुंग्याची आंघोळ

सासऱ्यांबद्दल कुणाजवळ वावगं बोलायचं नाही, अशी ह्यांनी मला शपथ घातली होती. दोघंही आता नाहीत, तेव्हा ती शपथ सुटली असं मी धरते. आणि खरं सांगू, वावगं असं कुणी काही केलंच नाही, तीच तर गोम आहे. कुणाला तरी चार शिव्या घालता आल्या असत्या तर माझं पोट तरी हलकं झालं असतं.

आम्ही सुतार. मूळचे कराडला लागून असलेल्या मलकापूरचे. लढाईच्या दिवसांत हे पुण्याकडं लष्कराच्या कारखान्यात सुतारकामाला लागले होते. तिथं सामानाच्या पेट्या रचताना एक पेटी ह्यांच्या उजव्या हातावर आली. हाडं जुळली, पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं वळायची कायमची बंद झाली. घास डाव्या हातानं घ्यावा लागायचा, म्हणून ह्यांनी पंगतीला बसणंच सोडलं. सुट्टीवर आले तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट वळवून पाहिलं. सुताराच्या घरात मूठ गेलेला मुलगा म्हणजे काय, ते कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. लाकूड तासायचा वाकस मुठीनं धरायचा, पटाशी मुठीनं धरायची, रंधा मुठीनं ढकलायचा. मूठच नाही तर उरलं काय?

त्याच कारखान्यात एका साहेबानं ह्यांना एका विजेच्या मशीनवर बसवलं. मोठ्या तांब्याएवढं लोखंडी धूड, दोन्ही बाजूंना लाकडाच्या गोल मुठी, खाली सपाट तबकडी आणि तिच्या मधून डोकावणारं बोटभर पातं. बटण दाबलं की पातं गरगरा फिरायचं, आणि मशीन फळीवरून सरकवत नेलं की लाकडात खाच पडायची, कडेला गोलाई निघायची. त्या मुठी आवळून धरायला लागत नाहीत, तळहातानं दाबल्या तरी भागतं. ह्यांचा तळहात शाबूत होता. लढाई संपल्यावर कारखान्यातलं सामान विकायला निघालं, तेव्हा हे दुसरं काही न घेता तेवढं मशीन घेऊन घरी आले. तिकडं त्याला रौटर म्हणत. मी त्याचा आवाज ऐकला आणि म्हटलं, हा तर भुंगा. घरात तेच नाव पडलं.

मलकापुरात आमच्या घरी वीज नव्हती. म्हणून सगळं बिऱ्हाड उचलून आम्ही सांगलीला आलो आणि विजेची सोय असलेली एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. मामंजी आले, पण कुरकुरत आले. नाकापेक्षा मोती जड, असं म्हणत आले.

भुंग्याला ताकद लागत नाही, पण मन जागेवर लागतं. हे मी पाहून पाहून शिकले. आपल्या पुढ्यातल्या कडेवरून त्याला डावीकडून उजवीकडं न्यायचं. उलटा नेला तर हातातून उडी मारतो. पातं एकदम खोल घातलं तर तापून निळं पडतं. एकाच जागी रेंगाळलं तर सागवान करपतं आणि काळा डाग राहतो, तो मग घासून घासून जात नाही. हे थोडं थोडं खाली घेत जायचे. पहिल्या फेरीत नुसती रेघ, मग खाच, आणि शेवटची फेरी हलकी, लाकडाला जाग येऊ नये अशी.

काम संपलं की त्याची सेवा सुरू. आधी वायर काढायची. मग पातं सोडवून रॉकेलच्या फडक्यानं पुसायचं, कारण सागाचा चीक त्याला चिकटून बसतो. धार लावायची ती आतल्या सपाट अंगालाच, बाहेरून घासलं की गोलाई बिघडते. मशीनच्या अंगाला हवेसाठी भोकं होती, त्यांत बसलेला भुसा सायकलच्या पंपानं उडवायचा. आत वीज पोचवणारे कोळशाचे दोन लहान तुकडे असायचे, ते झिजलेत का तेही मधून मधून पाहायचे. मग भुंगा कांबळ्याच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत. पेटीजवळून मी घागर घेऊन गेले तरी हे ओरडायचे, थेंब पडंल म्हणून. मी एकदा म्हटलंच, "माझं डोकं दुखलं तर कुणी विचारत न्हाई, आन् ह्याची बडदास्त बघा." हे हसले. "अगं, तू रुसलीस तरी भाकरी करशील. हे रुसलं तर मी कोन ऱ्हायलो?"

ते हसत बोलले, पण बोलले ते खरंच होतं. त्या भुंग्यावर ह्यांचं सुतारपण उभं होतं. बाकी काही नाही.

मामंजी वर्षभर त्या मशीनकडं फिरकले नाहीत. ते शेडच्या एका टोकाला वाकस चालवायचे, दुसऱ्या टोकाला भुंगा गुणगुणायचा. पहिल्या खंडेनवमीला आपल्या सगळ्या हत्यारांना त्यांनी आंघोळ घातली, तेल लावलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. भुंगा पेटीतच राहिला. ह्यांनी विचारलं, "आबा, हे मांडू का?" मामंजी म्हणाले, "ते हत्यार न्हवं. ते इंजान हाय." ह्यांनी त्या दिवशी पुरणाच्या पोळीला हात लावला नाही. मी ताटातली पोळी तशीच उचलली.

मग पुढच्या वर्षी मलकापूरकडच्या एका ऊसवाल्यानं नवं घर बांधलं. त्याचा एक मुलगा पलटणीत होता, तो सुट्टीवर यायच्या आत त्याला पुढचा दरवाजा हवा होता. चौकट मामंजींनी केली. फळ्यांवरची नक्षीची पट्टी आणि कडेची गोलाई ह्यांनी भुंग्यावर काढली. दरवाजा उभा केला त्या दिवशी मामंजी त्याच्यापुढं उभे राहिले आणि एक बोट त्या खाचेतून वरपासून खालपर्यंत फिरवलं. बोट कुठं अडलं नाही. जाताना ह्यांच्या खांद्यावरचा भुसा त्यांनी झटकला. हे त्या दिवशी ऊसवाल्याच्या घरी पंगतीला बसले. डाव्या हातानं जेवले, आणि मान वर करून जेवले.

त्यानंतर आली खंडेनवमी. हे सकाळी फुलं आणि नारळ आणायला बाजारात गेले होते. मी चुलीपुढं पुरण शिजवत होते. शेडमधून तांब्याचा आणि पाण्याचा आवाज येत होता, त्यात मला नवल वाटलं नाही, कारण मामंजी दरवर्षी स्वतःच्या हातानं हत्यारं धुतात. पदराला हात पुसत मी बाहेर आले आणि पाहिलं तर मामंजींच्या मांडीवर भुंगा.

त्यांनी त्याला आंघोळ घातली होती. आंघोळ म्हणजे लहान पोराला घालतात तशी, कानाकोपऱ्यात बोट घालून. हवेच्या भोकांतून पाणी आत गेलं होतं आणि खालच्या तबकडीतून ठिबकत होतं. आता ते वाटीतून गोडेतेल घेऊन एकेका भोकात सोडत होते.

मी म्हटलं, "आवं मामंजी, ह्याला पानी चालत न्हाई."

"का न्हाई चालत?" ते शांतपणे म्हणाले. "हत्यार हाय का न्हाई? माज्या घरातलं हत्यार हाय. मग सणाला आंगुळ नगं त्याला? वरीसभर बिनतेलाचं राबतंय बिचारं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या माणसानं वर्षभर त्याला इंजान म्हटलं, तो माणूस त्याच्या मुठींवर कुंकवाची बोटं ओढत होता. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी दारात उभी राहिले आणि ह्यांची वाट पाहू लागले. तोवर मामंजींनी भुंगा पाटावर ठेवला, अगदी मधोमध, आपल्या वाकसाच्याही पुढं.

हे फुलं घेऊन आले, पाटाकडं पाहिलं आणि जागच्या जागी थांबले. पाटाखाली ओल पसरली होती. मामंजी म्हणाले, "ये, फूल वाहा. आज तुजं हत्यार म्होरं हाय." ह्यांनी फूल वाहिलं. नमस्कार करताना तो वाकडा हात जोडला गेला नाही, तसाच दुसऱ्या हातावर टेकला.

पूजा झाली की आमच्याकडं हत्यारं बसतात. दसऱ्याचा मुहूर्त होईपर्यंत त्यांना हलवायचं नाही, बोटसुद्धा लावायचं नाही. मी ह्यांना परसात गाठलं. "आवं, उघडा ते. पुसा. उन्हात ठेवा. मी मामंजींना सांगते."

"नगं सांगूस."

"आन् आत गंजलं, जळलं तर?"

"अगं, आबांनी आज पैल्यांदा त्याला हात लावलाय. मी आता ते उचललं तर त्यांचा हात झिडकारल्यागत हुईल."

मला राग आला. बापाचाही आला आणि लेकाचाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दिवसभर हे त्या पाटापुढं बसून होते. मामंजींना वाटलं, पोरगं देवापुढं बसलंय. ते मला कौतुकानं म्हणाले, "बघ, किती भाव हाय त्याचा."

दुसऱ्या दिवशी दसरा. मुहूर्तावर हत्यार चालवायचं, निदान एक टोला, एक खाच तरी पाडायची, तर वर्ष चांगलं जातं, असा रिवाज. मामंजींनी वाकसाचा टोला मारला आणि सागाची एक फळी ह्यांच्यापुढं सरकवली. "पाड खाच," म्हणाले.

"आबा, आज न्हाई. सावकाशीनं करतो. जरा उन्हाला ठेवावं म्हंतोय."

"मुहूर्त टळतोय रं. आज न्हाई चाललं तर वरीसभर बसून ऱ्हाईल."

हे माझ्याकडं बघत होते. मी डोळ्यांनी नको म्हणत होते, मान हलवून नको म्हणत होते. मामंजी हातात नारळ घेऊन उभे होते, चेहरा लग्नघरातल्यासारखा. ह्यांनी भुंगा हलवून आतलं पाणी झटकलं, फडक्यानं पुसला, पातं बसवलं, वायर जोडली. मला वाटलं, आता तरी थांबतील. त्यांनी बटण दाबलं.

भुंगा क्षणभर गुणगुणला. फळीवर बोटभर खाच पडली असेल. मग आत निळी ठिणगी उडाली, तेल जळल्याचा उग्र वास आला, भोकांतून धूर निघाला आणि पातं थांबलं. मामंजींनी तेवढ्यात नारळ फोडला. "खाच पडली," म्हणाले. त्यांना धूर धुपाचा वाटला की काय, देव जाणे.

पुढचे महिने ह्यांनी काय नाही केलं. सांगलीत मोटारी दुरुस्त करणाऱ्या एकाकडून आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून घेतली. मशीन चार मिनिटं चाललं आणि पुन्हा जळालं. कोल्हापूरला नेलं, तिथल्या माणसानं उघडून पाहिलं आणि तसंच बंद करून दिलं. पुण्याला जुन्या कारखान्यात गेले तर ओळखीचं कुणी उरलं नव्हतं, आणि सुटा भाग विलायतेहून येतो, तोही आता येत नाही म्हणाले. परत येताना भुंगा मांडीवर घेऊन आले. मग एक दिवस मामंजी नसताना हे पटाशी घेऊन बसले. उजव्या तळहातावर पटाशी टेकवायची, वरून फडकं बांधून घ्यायचं, डाव्या हातानं ठोकायचं. पटाशी घसरली आणि फळीत भलतीकडंच गेली. परत बांधली, परत घसरली. मी म्हटलं, मी धरते. ह्यांनी मला धरू दिली. दोघांनी मिळून एक खाच पाडली, ती इतकी वेडीवाकडी की हे ती फळी चुलीत घालायला निघाले. मी त्यांना अडवलं नाही, कारण ठेवून तरी काय करायची होती.

शेवटी हे लाकडाच्या वखारीत लागले. ओंडके मोजून घ्यायचे आणि गाडीवाल्यांना वाट दाखवायची. मूठ लागत नाही असं काम.

एकदा आटपाडीकडचा एक माणूस बाभळीचा नांगर करून घ्यायला मामंजींकडं आला. हे वखारीत जायला निघाले होते, वहाणा घालत होते. पाहुण्यानं विचारलं, "पोरगं तुमच्या धंद्यात न्हाई व्हय?"

मामंजी म्हणाले, "हुतं की. मशीन आनलं हुतं, लय झ्याक हत्यार. पर ह्याला राखता आलं न्हाई. हत्याराची निगा लागती बाबा. ह्या पोरांस्नी कुठली?"

माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. सायकलचा पंप, रॉकेलचं फडकं, कांबळ्याचा तुकडा, सगळं ओठांवर आलं. मी उठले. ह्यांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं, आणि मी परत खाली बसले.

"व्हय आबा," हे म्हणाले. "निगा ऱ्हायली न्हाई माज्याकडनं. चुकलंच माझं."

मामंजी उठले, जवळ आले आणि पाहुण्यादेखत त्यांनी ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे, पोरा," म्हणाले. "मी मनात ठेवलं न्हाई." हे मान खाली घालून उभे राहिले, त्यांचा हात फिरून होईपर्यंत, आणि मग वखारीत गेले.