मंजुरीसाठी सादर

"त्याने काय होणार, वहिनी?" असं म्हणून ते तळहात उलटा करत, जणू हातातलं काहीतरी जमिनीवर सांडून टाकत. मुलांनो, राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीतले आमचे हे शेजारी तुम्ही पाहिलेले नाहीत.

तीस वर्षं त्यांनी आयात परवान्यांच्या फायली तपासल्या. शेरा लिहायचा, खाली 'मंजुरीसाठी सादर', आणि फाईल वर पाठवायची. मग धोरण बदललं, परवानेच उठले. त्यांच्या डोळ्यांदेखत त्या फायली ट्रकमध्ये भरून रद्दीत गेल्या. निकामी सामानातली टेबलावरची पितळी घंटी तेवढी ते घरी घेऊन आले.

निवृत्तीनंतर आमची दोन्ही कुटुंबं यमुनेपलीकडच्या एका नव्या सोसायटीत राहायला गेली. तिथे त्यांनी आधी दाढी करणं सोडलं, मग ब्लडप्रेशरच्या गोळ्या. त्यांच्या पत्नी माझ्यापाशी येऊन रडल्या. मी माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं तत्त्वज्ञानाचं एक इंग्रजी पुस्तक भाऊजींना नेऊन दिलं. जगण्याला आयता अर्थ नसतो, माणसाने तो आपल्या करण्यातून द्यायचा, असं त्यात होतं.

"म्हणजे अर्थ नाहीच ना? मी तेच म्हणतोय!"

"पुढचं पान वाचा, भाऊजी."

वाचलं त्यांनी, पण फाईलसारखं. समासात पेन्सिलीने शेरे: 'पाहिले. असहमत.' 'आधार जोडावा.' आणि अर्थ आपणच द्यायचा, या वाक्यापाशी: 'आदेश कोणाचे?'

"कोणाचेच नाहीत," मी म्हटलं.

"असं कसं? बिल्कुल नाही चालणार, वहिनी." त्या दिवशी ते चहा न घेताच उठले.

सोसायटीत पाण्याचा टँकर यायचा, पण त्याची वेळ ठरलेली नसे. चौथ्या मजल्यावर एक पंजाबी आजी एकट्या राहत. त्या बादली घेऊन उतरेपर्यंत टँकर निघून गेलेला असे. एका सकाळी जिन्यात घंटी वाजू लागली. दार उघडलं तर भाऊजी, दाढी केलेले. डाव्या तळहातावर ऑफिसची घंटी, उजव्या हाताने ती दाबत होते. "पानी आ गया, जी! बाल्टी निकालो!"

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणीच नाही," ते म्हणाले, आणि पुढचा मजला चढू लागले. उतरताना आजींची बादली त्यांच्या हातात होती.

मग ते रोजचंच झालं. गोळ्याही सुरू झाल्या. "चार मजले चढायचे तर घ्याव्या लागतात ना!"

मी एकदा चिडवलं, "संध्याकाळपर्यंत सगळ्या बादल्या रिकाम्या. त्याने काय होणार, भाऊजी?"

"उद्या परत वाजवीन."

ते गेले त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या पत्नीने पुस्तक परत आणून दिलं. 'आदेश कोणाचे?' याखाली थरथरत्या अक्षरात आणखी एक शेरा होता: 'आदेशाची वाट न पाहता काम सुरू केले.'

त्याखाली, जो शब्द लिहायचा अधिकार त्यांना तीस वर्षांत कधी मिळाला नव्हता, तो होता. 'मंजूर.' आणि पूर्ण सही.