एका मीटरवरची तीन बिऱ्हाडं

भाड्याच्या खोलीत सामान फारसं जमत नाही, किस्से मात्र धुळीसारखे जमतात. एक झटकायला गेलं की चार उडतात. परवा कॉलेजातले जुने मित्र भेटले, कुणीतरी लाइटबिलाचं रडगाणं सुरू केलं आणि मग मला कुणी थांबवू शकलं नाही.

आम्ही म्हणजे मी आणि सायली. मी तेव्हा एम.कॉम.ला, ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, आणि लग्न झालेलं! महाडात शेवंताकाकींच्या घरात वरची एक खोली आमची, समोरची गणेश आणि प्रियाची. तेही आमच्यासारखंच विद्यार्थी जोडपं, पोलादपूरच्या वरच्या वाडीतलं. खाली काकी एकट्या. तिन्ही बिऱ्हाडांना मीटर एकच. बिल आलं की सरळ तीन वाटे.

माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, लग्नाच्या वेळी एक अट घातली होती. गावाहून ठरलेले पैसे येतील, शिवाय दर रविवारी हिरकणीवाडीत गड बघायला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी वाढून मी कमवीन ते. एवढ्यात दोघांनी शिकायचं. वर पैसे मागितले, तर सायलीचं कॉलेज बंद आणि तिनं गावाला येऊन शेती बघायची. त्यामुळे लाइटबिल आलं की आम्ही ते निकालासारखं एकमेकांना उघडायला लावायचो.

*

महाडात घर बांधताना आधी पुराचा विचार करतात. काकींनी मीटर जिन्यात पार छताजवळ बसवून घेतला होता. रोज किती युनिट पडतात हे कळल्याशिवाय माझं बजेट जमेना, म्हणून सायली माझ्या खांद्यावर चढायची, गणेश खालून मला धरायचा आणि ती मोबाईलचा टॉर्च मारून आकडा सांगायची.

एकदा काकींनी आम्हाला असं बघितलं. "मीटर बघताय का हंडी फोडताय रे?"

पुढच्या महिन्यात रीडिंगवाला आला. त्यानं वर मीटरकडे बघितलं. मग माझ्या खांद्यांकडे बघितलं.

*

काकींचा फ्रिजही असाच उंचावर. मुंबईच्या मुलानं पाठवलेला, छातीएवढ्या ओट्यावर विराजमान. पाण्याची बाटली काढायची तर स्टुलावर चढावं लागे. पण काकींचा त्या फ्रिजवर भारी जीव! बर्फाशिवाय त्यांच्या घशाखाली घोट उतरत नसे. भाडं द्यायला जा, नाहीतर किल्ली मागायला जा, आधी ग्लासभर गार पाणी प्यायचंच. पोस्टमनलाही सुटका नव्हती.

गणेशनं एकदा हळूच सुचवलं, की बिलात फ्रिजचा वाटा मोठा असतो. काकी म्हणाल्या, "मंग तू दोन गलास जास्त पी."

*

मी कॉमर्सवाला. वर्षभराचं बजेट एक्सेलमध्ये रंग भरून तयार केलं होतं. जूनच्या रकान्यात ऐटीत टाकलं, पावसाळा, पंखा बंद, बचत. सायलीनं वाचलं आणि नुसती हसली. कारण जुलैत कळलं. आमच्याकडचा पाऊस लागला की कपडे वाळतच नाहीत. माझ्या दोन पॅन्ट दिवसरात्र पंख्याखाली लटकत राहिल्या आणि बिल मे महिन्याच्या वर गेलं!

तेवढ्यानं घाबरून मी सायलीच्या कॉलेजचं काय होणार याचा हिशेब करत बसलो. ती उठली, कपड्यांचं बोचकं घेऊन खाली गेली आणि काकींच्या मागच्या पडवीत आंघोळीच्या पाण्याची चूल होती, तिच्यावर दोरी बांधून आली. पंखा बंद झाला.

मात्र कपड्यांना धुराचा असा वास यायचा, की सरांनी मला वर्गात उभं करून विचारलं, सकाळी कुठल्या हॉटेलात कामाला असतोस? मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आम्ही सगळेच." तेव्हा मी पहिल्यांदा नीट वास घेतला. अख्खा वर्ग धुराचा होता.

*

प्रियाचं पाण्याशी काय नातं होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पाणीपट्टी ठरलेली होती, कितीही वापरा, तेवढीच. तरी आमचा नळ जरा ठिबकला की ही समोरच्या खोलीतून येऊन घट्ट करून जायची. मी एकदा म्हटलं, अगं, याचे वेगळे पैसे नाही पडत.

ती म्हणाली, "आमच्या वाडीत चैतात आई झऱ्याला बसते आन् वाटीनं हंडा भरते. हितं नळ सोडला की पाणी येतं, ह्याचंच मला नवल वाटतं. पैशाचं कोण बोलतंय?"

तेव्हापासून नळ सोडताना मीही क्षणभर बघत उभा राहतो.

*

एक दिवस आबा न कळवता आले, आमचं कसं चाललंय ते बघायला. एरवी मला 'अरे' म्हणणारी सायली झटकन 'अहो'वर आली. चहा ठेवला आणि उकळी यायच्या आत सिलिंडर संपला. आबांना हे कळलं असतं तर त्यांनी तिला त्याच पावली बॅग भरायला लावली असती.

सायलीनं चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. पातेलं पदराखाली धरून गॅलरीतून प्रियाच्या खिडकीत दिलं. इकडे आबांना कशेडी घाटात दरड कुठे कोसळली ते विचारत बसली. थोड्या वेळानं खिडकीतून उकळलेला चहा परत आला.

आबा दोन कप प्यायले. जाताना एवढंच म्हणाले, "च्या झ्याक. पण येवढा येळ ठेवू नका गो, ग्यास संपतो."

*

आणि मग तो मे महिना. सायलीची शेवटची परीक्षा. परीक्षेच्या फीमध्ये शिल्लक सगळी गेली होती आणि उकाडा असा, की पुस्तकाच्या पानाला हात चिकटायचा. मी ठरवलं, काय व्हायचं ते होवो, पंखा बंद करायचा नाही. ती दिवसभर पंख्याखाली वाचत राहिली. बिल चढणार, आबांकडे हात पसरावा लागणार आणि शेवटच्या पेपरआधी ही गावाला जाणार, या भीतीनं मी मात्र रोज एक्सेलमधले तेच आकडे पुन्हा पुन्हा जुळवत बसलो. काकींना हे सगळं ठाऊक होतं. त्या फक्त एकदा जिन्यातून म्हणाल्या होत्या, "तू वाच गो. बिलाचं बिल बघंल."

बिल आलं. मी ते जिन्यातच उघडलं. एप्रिलपेक्षा कमी! मी ते गणेशला दाखवलं, सायलीला खांद्यावर घेऊन मीटरचा आकडा ताडून बघितला. सगळं बरोबर होतं. माझ्या एक्सेलला काही ते पटेना.

आमचा वाटा द्यायला खाली गेलो. काकींनी माठातलं पाणी दिलं. म्हटलं, फ्रिजमधलं नाही का?

"दात शिवशिवतात रे. माठातलं बरं."

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी उन्हातून आलेलो, सवयीनं स्टुलावर चढलो आणि फ्रिज उघडला. आत दिवा लागला नाही. बाटल्यांच्या जागी तांदळाचे डबे ओळीनं मांडलेले होते, वर पापडाची पिशवी, आणि बर्फाच्या ट्रेमध्ये सुईदोरा आणि बटणं.

मागून काकींचा आवाज आला, "दार लाव रे. मुंग्या शिरतात."