परवा म्हणजे कधी

नातीच्या वर्गात अमेरिकेचा इतिहास चालू होता. इतिहास म्हटल्यावर मला वाटलं, कुणी राजा असेल, लढाई असेल. ती म्हणाली, "नाही गं आजी, ते दोन टॉवर पडले ना, ते." माझ्या हातात मेथीची जुडी होती. निवडायची थांबले. ते पुस्तकात गेलंय हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी ते अजून नीट संपलेलंही नाही, आणि ही पोरं त्यावर परीक्षा देतात.

आम्ही जर्मनीत एर्लांगेनला राहतो. मुलगा, सून, नात आणि मी. नात दहावीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की जर्मन बाहेर पडतं. माझ्यासाठी तेवढी मराठीची मेहनत घेते. त्या दिवशी त्यांच्या बाईंनी फिल्म दाखवली. विमानं, धूर, धुळीनं पांढरी झालेली माणसं. मग एकेकाला उभं करून विचारलं, तुम्हाला काय वाटलं? एक मुलगा म्हणाला, सिनेमा वाटला. एका मुलीचे आईबाप अफगाणिस्तानातून आलेले. ती म्हणाली, तुमच्या पुस्तकात हा धडा इथे संपतो, आमच्या घरात तो इथून सुरू होतो.

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, मला काहीच नाही वाटलं. मी नव्हतेच तेव्हा."

खरं बोलली. मला बरं वाटलं. पण पुढे गृहपाठ होता. तो दिवस आठवणाऱ्या घरातल्या माणसाला बोलतं करायचं, फोनवर रेकॉर्ड करायचं, आणि त्यावर लिहून वर्गात वाचायचं.

"बाबा तर तिकडेच होता तेव्हा. पण तो हॅनोव्हरला प्रदर्शनाला गेलाय. म्हणून तू सांग."

"मला आठवत नाही."

"खोटं! आणि तू 'परवा' का म्हणत नाहीस तेपण सांग. बाबा म्हणतो, आजीसमोर परवा म्हटलं की ती वार विचारते. कोर्टात असल्यासारखी."

सून ओट्याशी कुकर लावत होती. वळून म्हणाली, "सांगा की आई. मीपण ऐकते."

त्या दिवशी मी एक खोटं बोलले होते, आणि ते हिच्याशीच बोलले होते. इतकी वर्षं ते तिला कळलं नव्हतं.

नातीनं फोन माझ्यापुढे मेथीच्या काड्यांशेजारी ठेवला. त्यावर लाल ठिपका लागला. मी सांगायला लागले. अर्धंच सांगायचं ठरवलं होतं.

तेव्हा आम्ही साताऱ्यात होतो. मुलगा कंपनीच्या कामाला अमेरिकेत गेला होता. लग्नाला तीन महिने झाले होते. सुनेचा व्हिसा यायचा होता, म्हणून ती माझ्याजवळ. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. त्या रविवारी ती दळण आणायला गिरणीत गेली होती आणि फोन मी घेतला. तो म्हणाला, "आई, परवा त्या मोठ्या टॉवरवर साहेबांबरोबर, अगदी वरच्या मजल्यावर..." नुसती खरखर झाली आणि लाइन तुटली. मी रिसीव्हर ठेवला आणि भाजीला लागले. मंगळवारी संध्याकाळी टीव्हीवर ते टॉवर पडताना दिसले.

"थांब," नात म्हणाली. "परवा म्हणजे फोरगेस्टर्न की यूबरमॉर्गन? मागचं की पुढचं? जर्मनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. मला एकच लिहावा लागेल."

"मागचं," सून म्हणाली. "शुक्रवारी गेले होते ते. रविवारी फोनवर सांगितलं त्यांनी आईंना."

"आजी, बाबा एक्झॅक्टली काय म्हणाला? वर्ब सांग."

मी चौथी शिकले आहे. आमच्या बाई सांगायच्या, क्रियापद शेवटी येतं, तोवर वाक्याचं काही खरं नाही. रविवारचं परवा मागे धरलं तर शुक्रवार. पुढे धरलं तर मंगळवार. आणि लाइन तुटली ती नेमकी क्रियापदाच्या आधी.

मला 'म्हणाला, गेलो होतो' असं म्हणता आलं असतं. इतकी वर्षं तेच म्हणत होते. पण आता पोर ते लिहून घेणार होती, वर्गात वाचणार होती. माझी जीभ वळेना.

"ऐकलं नाही मी क्रियापद," मी म्हटलं.

कुकरची शिट्टी झाली. सुनेनं गॅस बंद केला. "म्हणजे?"

मग सगळं सांगितलं. टीव्हीवर ते दिसलं तेव्हा ही माझा दंड धरून विचारत होती, "आई, हे तिकडे जातात का? आई?" ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, "शुक्रवारी जाऊन आला. मला सांगितलं त्यानं. एकदा बघून झाल्यावर कोण कशाला जातंय परत!" अशा ठसक्यात म्हटलं की तिचा विश्वास बसला. पाणी प्यायली, जेवली, झोपली.

मी मात्र त्या खरखरीत शब्द शोधत बसले. गेलो की जाणार. कधी 'गे' ऐकू यायचं, कधी 'जा'. जितकं आठवावं तितकं ते 'जा'च वाटायला लागलं. घरच्या फोनवरून परदेशी लागत नव्हतं, म्हणून सकाळी फोनच्या बूथवर गेले. रिसीव्हरमध्ये एक बाई बोलत होती, या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत. बूथवाला म्हणाला, "मावशी, तिकडं कुणालाच लागत नाही." मी परत लावायला लावलं. परत तीच बाई. दोन तास तिथल्या बाकावर बसले आणि घरी येऊन सांगितलं, देवळात गेले होते.

पितृपक्ष चालू होता. ह्यांची तिथी बुधवारीच होती. परसातल्या भिंतीवर पान ठेवलं. ह्यांच्या पानाला कावळा कधी वेळेवर शिवायचा नाही. जिवंतपणी जेवायला वाट बघायला लावायचे, तसंच मेल्यावरही. त्या दिवशी मी हात मागे घेते न घेते तोच कावळा पानावर उतरला. हे पान कुणाला पोचलं? मी हातातला डाव त्याच्यावर फेकला. शेजारीण बघत होती. म्हणाली, "अहो, कावळ्याला हाकलतात का आजच्या दिवशी? आणि तुमचा तिकडेच ना हो? काही कळलं?" मी म्हटलं, कळलंय, बरा आहे. एकदा खोटं बोलल्यावर ते निभवावं लागतं.

घरात ही टीव्हीपुढे. मी बटाटे चिरत होते. ही म्हणाली, "बिचाऱ्या बायका. ज्यांची माणसं आत होती, त्यांचं काय होत असेल, आई?" मी बोट चिरून घेतलं.

गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. आधी ही बोलली, हसली. मग मी घेतला. विचारलं, "कधी गेला होतास रे तिथं?" म्हणाला, "शुक्रवारी. सांगितलं नव्हतं का?" मी म्हटलं, सांगितलं होतंस. फोन ठेवला, मोरीत जाऊन ओकले. हिला म्हटलं, पित्त झालंय. हिनं कोकम सरबत करून दिलं. तेव्हापासून परवा हा शब्द मी टाकला.

सून खुर्चीवर बसली.

"म्हणजे मी जेवले."

"जेवलीस."

"दुसरी भाकरी मागून घेतली होती मी त्या रात्री. बुधवारी केस धुतले, आई. टीव्हीपुढे केस विंचरत बसले होते आणि त्या बायकांना बिचाऱ्या म्हणत होते."

"म्हणून तर झोप लागली तुला."

"मी झोपायचं की नाही ते तुम्ही ठरवलंत. नवरा माझा होता."

"मुलगा माझा होता."

"आणि गुरुवारी दुसरंच काही कळलं असतं तर? मला काय सांगणार होतात?"

"आजी," नात हळूच म्हणाली, "रेकॉर्डिंग चालू आहे."

पुढचे तीन दिवस सून कामापुरतं बोलली. चहा ठेवलाय. औषध घ्या. कपड्यांच्या घड्या नेहमीसारख्या माझ्या कपाटात ठेवल्या, पण ठेवून लगेच गेली. मला भीती वाटायला लागली, आणि ती साधी नव्हती. गावात सुनेचं तोंड फिरलं तर माणूस दार उघडून बाहेर पडतो, चार घरं हिंडतो, रडतो, शिव्या देतो. इथं मला बस थांबवायलाही ही लागते. डॉक्टरला कुठं दुखतंय ते हीच सांगते. ती जे सांगेल ते डॉक्टर लिहून घेतो. हिनं माझ्यावर विश्वास ठेवायचा सोडला, तर मी कुणाच्या तोंडानं बोलणार? तिच्या जागी मी असते तर सोडला असता.

तिसऱ्या दिवशी नात शाळेतून आली. लिहिलेलं तिनं वर्गात वाचलं होतं. मागचा आणि पुढचा दिवस एकाच शब्दात, हे ऐकून पोरं हसली म्हणे. एकानं विचारलं, मग तुम्ही लोक ट्रेन कशी पकडता? ती अफगाण मुलगी मात्र हसली नाही. तिनं विचारलं, तुझी आई चिडली का?

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, हो, अजून चिडलेली आहे. ती म्हणाली, मीपण चिडले असते." दप्तर काढत ती पुढे म्हणाली, "बाईंनी परत विचारलं, आता काय वाटतं? मी म्हटलं, आता भीती वाटते. बाबा हॅनोव्हरला गेलाय आणि मी त्याला अजून एकदापण फोन नाही केला."

सून इस्त्री करत होती. तिनं ऐकलं. इस्त्री उभी केली, फोन उचलून मुलाला लावला, दोन वाक्यं बोलली आणि फोन माझ्यापुढे धरला. तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"घ्या. कधी येताहेत ते विचारा. या वेळी शेवटपर्यंत ऐका."

मी विचारलं. तो म्हणाला, "परवा..."

"वार सांग!"

"अगं हो, शुक्रवारी. येणार. ये-णा-र. झालं समाधान?"

"काय म्हणाले?" सुनेनं विचारलं. तिची पाठ माझ्याकडे होती, हात इस्त्रीवर.

"शुक्रवारी येणार."

"ऐकलंत खरंच?"

"ऐकलं."

"नक्की?"

फोन तिच्या हातात दिला. तिनं तो कानाला लावला आणि माझ्यासमोर त्याला पुन्हा विचारलं.